गंजाचा माग : मांडवी ते तलवाडा

५ जुलै १९८६ या दिवशी पणजीला मांडवीच्या पलीकडच्या काठाशी जोडणारा नेहरू पूल नदीत कोसळला. पूल १९७० साली रहदारीला खुला झाला होता. म्हणजे त्याचं वय सोळा वर्षांचं. पोर्तुगीज राजवट गेल्यानंतरच्या पहिल्या दशकात या पुलाचं काम हाती घेतलं गेलं होतं आणि मुक्त गोव्याच्या उमेदीचं ते मोठं प्रतीक होतं. गोवा तेव्हा केंद्रशासित प्रदेश होता, घटक राज्याचा दर्जा मिळायला अजून दहा-अकरा महिने होते. पूल पडला आणि पणजी-बेती मार्गावरची सगळी भिस्त पुन्हा फेरीबोटींवर आली. ऐन पावसाळ्यात माणसं, भाजी, टपाल, रुग्ण, सगळं होडीतून न्यावं लागलं.

त्या दिवशी भूकंप नव्हता. कुठलं जहाज खांबाला धडकलं नव्हतं. काँक्रीटच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेपाण्याने गंजल्या होत्या आणि तो गंज बाहेरून कोणाला नीट दिसला नव्हता. लोखंड गंजतं हे आपल्याकडे विळी-कोयता वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पण सिमेंटात पुरलेलं लोखंड गंजू शकतं, आणि तेही डोळ्यांआड, ही गोष्ट सरकारी खात्यांच्या आणि सर्वसामान्यांच्या मनावर ठसली ती या पुलाने. मराठी मुलखातल्या बांधकामाच्या इतिहासात मी ही तारीख म्हणूनच फार मोठी मानतो.

सात महिने आधी, ४ डिसेंबर १९८५ रोजी, वेल्समधला इनिस-इ-ग्वास नावाचा छोटा पूल असाच पडला होता. तोही ताणलेल्या तारांचा होता, १९५३ साली बांधलेला. पडण्याआधी त्याने काहीही इशारा दिला नव्हता. पुढे १९९२ मध्ये ब्रिटिश सरकारने त्या जातीच्या पुलांची नवी बांधकामं काही वर्षं थांबवून ठेवली. ज्या देशाने हे तंत्र आत्मविश्वासाने वापरलं, त्याच देशाला ते थांबवून पुन्हा पहिल्यापासून तपासावं लागलं.

हे तंत्र आपल्याकडे का आलं, ते समजून घेतलं पाहिजे. स्वातंत्र्यानंतरच्या भारतात पोलादाची टंचाई होती. साध्या गजांपेक्षा कितीतरी अधिक ताकदीच्या बारीक तारा काँक्रीटमधल्या नळ्यांतून ओवायच्या, जॅकने ताणायच्या, टोकाला पाचरी मारून अडकवायच्या आणि नळीत सिमेंटचा पातळ गारा दाबून भरायचा. अशाने कमी पोलादात लांबलचक गाळे पेलता येतात. फ्रान्सच्या युजीन फ्रेसिने या अभियंत्याने १९२८ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं. गरीब देशाला रुंद नद्या ओलांडायच्या असतील तर याहून शहाणा मार्ग नव्हता, आणि तो निवडणाऱ्या अभियंत्यांना मी दोष देणार नाही. अडचण एवढीच की ताणाखाली असलेल्या तारेला गंजाचा एक खोल खड्डाही पुरतो. साधा गज गंजला तर फुगतो, काँक्रीटला तडा देतो, तांबूस डाग सोडतो, मग माणूस सावध होतो. ताणलेली तार यातलं काही न करता एके दिवशी तुटते. नळीत गारा अपुरा भरला गेला असेल, मध्ये पोकळी राहिली असेल, तर पाणी आणि मीठ तिथेच साचतं.

मुंबईच्या खाडीवर याच काळात दुसरी कहाणी घडत होती. मानखुर्द आणि वाशी यांना जोडणारा ठाणे खाडीचा पहिला पूल १९७३ साली सुरू झाला. शहर वसवणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना १९७० ची. नवी मुंबई नावाचं शहर या पुलाच्या भरवशावरच आखलं गेलं. पावणेदोन किलोमीटरहून लांब असा हा पूल भरती-ओहोटीच्या खाऱ्या वाऱ्यात उभा होता. त्याच्याही तारांना गंजाने ग्रासलं, वाहनांवर निर्बंध आले, दुरुस्त्या झाल्या. शेवटी शेजारी दुसरा पूल बांधावा लागला, तो १९९७ मध्ये खुला झाला आणि रहदारी तिकडे वळली. गोव्याचाच झुआरी पूल १९८३ चा. त्याच्यावरही जड वाहनांना पुढे बंदी घालावी लागली. त्याला पर्याय म्हणून उभारलेला नवा झुआरी पूल २०२२ च्या डिसेंबरात अंशतः सुरू झाला. एका पिढीत तीन मोठे किनारी पूल, आणि तिघांचाही शत्रू एकच.

मग प्रश्न येतो : हे आधी कळलं नसतं का? याचं उत्तर अर्धं होकारार्थी आहे आणि अर्धं नकारार्थी. दोन्ही अर्ध्यांमध्ये खरी माहिती दडलेली आहे.

सिमेंट पाण्यात भिजून घट्ट होतं तेव्हा त्यातून चुना सुटतो. काँक्रीटच्या बारीक छिद्रांमधलं पाणी त्यामुळे कमालीचं अल्कधर्मी राहतं, पीएच साधारण साडेबारा ते साडेतेरा. एवढ्या अल्कधर्मी पाण्यात पोलादावर ऑक्साइडचा एक अतिसूक्ष्म थर बसतो. तो थर शाबूत आहे तोवर गज शतकभरही सुरक्षित राहू शकतो. थर मोडण्याच्या वाटा मुख्यतः दोन. किनाऱ्यावर मिठातले क्लोराइडचे कण काँक्रीटमधून झिरपत गजापर्यंत पोचतात आणि थराला जागोजागी भोकं पाडतात. दुसरी वाट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची. तो वायू काँक्रीटमध्ये हळूहळू शिरतो, चुन्याशी मिसळतो आणि पीएच नऊच्या खाली आणतो, म्हणजे संरक्षक वातावरणच नाहीसं करतो. त्यानंतर ओल आणि प्राणवायू मिळाला की गंज सुरू. लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा गंजाला लागते. त्या दाबाने काँक्रीट आतून फुटतं, ढलपे सुटतात आणि गज उघडे पडतात.

यातली कळीची गोष्ट अशी की गंजणं ही विजेची क्रिया आहे. गजाच्या एका जागी लोखंड विरघळतं, दुसऱ्या जागी प्राणवायू इलेक्ट्रॉन घेतो, आणि दोन्हींमध्ये गजातून व ओल्या काँक्रीटमधून सूक्ष्म प्रवाह वाहतो. प्रवाह आहे म्हणजे विजेच्या दाबातला फरक आहे, आणि फरक आहे म्हणजे तो मोजता येतो. काँक्रीट फुटायच्या कित्येक वर्षं आधी मोजता येतो.

हे प्रत्यक्ष पुलावर करून दाखवलं कॅलिफोर्नियाच्या महामार्ग खात्यातल्या रिचर्ड स्ट्रॅटफुल यांनी. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवरचा सॅन मॅटेओ-हेवर्ड पूल १९२९ चा. त्याचे गज खाऱ्या पाण्याने कुरतडले जात होते. स्ट्रॅटफुल यांचा या तपासणीवरचा निबंध १९५७ साली प्रसिद्ध झाला. उपकरण इतकं साधं आहे की महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही जमेल. एक नळी, तिच्यात मोरचुदाचं संपृक्त द्रावण, त्यात तांब्याची काडी, नळीच्या तळाला सच्छिद्र बूच आणि त्याला ओला स्पंज. व्होल्टमीटरची एक तार या नळीला आणि दुसरी गजाला. काँक्रीटवर साबण मिसळलेलं पाणी शिंपडून ते ओलं करायचं, पृष्ठभागावर चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीत नळी टेकवून आकडा टिपायचा. मग नकाशावर समान उंचीच्या रेषा काढतात तशा समान विद्युतदाबाच्या रेषा काढायच्या. जिथे त्या दाटीने एकमेकींजवळ येतात, तिथे आत काहीतरी चाललेलं असतं.

इथे एक बारकावा सांगायला हवा. या चाचणीला विनाविध्वंस म्हणतात, तरी तारेचं दुसरं टोक गजाला जोडण्यासाठी एका जागी काँक्रीट फोडावं लागतंच. इमारतीला इजा न करता तपासणी, हे बहुतांशी खरं. पूर्णतः खरं करायचं तर आत पाहण्याची वाट आधीपासून बांधकामात ठेवायला हवी.

१९७७ मध्ये अमेरिकेत या पद्धतीचा प्रमाण नियम तयार झाला. त्यात उणे २०० मिलिव्होल्टपेक्षा कमी ऋण आकडा आला तर गंज नसण्याची शक्यता नव्वद टक्के, उणे ३५० पेक्षा जास्त ऋण आला तर गंज असण्याची शक्यता नव्वद टक्के, आणि मधल्या पट्ट्यात अनिश्चितता, असं सांगितलं गेलं. हे आकडे जन्माला आले ते बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकलेल्या अमेरिकी पुलांच्या रस्ता पेलणाऱ्या स्लॅबवरून. ते डोळे झाकून आपल्याकडे आणले तर फसगत होते. सदैव पाण्यात असलेल्या खांबात प्राणवायूच पोचत नाही. तिथे आकडा फार ऋण येतो पण गज ठणठणीत असू शकतो. उलट कोरड्या, कार्बन डायऑक्साइडने खाल्लेल्या स्लॅबमध्ये आकडा सौम्य दिसतो आणि गज मात्र हळूहळू झिजत असतो. म्हणून जाणता तपासनीस एका आकड्यावर निकाल देत नाही. शेजारच्या दोन बिंदूंमध्ये आकडा किती झपाट्याने बदलतो ते पाहतो, काँक्रीटची ओल पाहतो, त्याची विद्युतरोधकता पाहतो.

त्याच १९५७ साली मिल्टन स्टर्न आणि ए. एल. गिअरी या दोघा अमेरिकनांनी दुसरी महत्त्वाची गोष्ट मांडली होती. धातूला अगदी थोडा जास्तीचा विद्युतदाब दिला आणि त्याने किती प्रवाह बदलतो ते मोजलं, तर गंजण्याचा वेग काढता येतो. मोरचुदाची नळी गंजाची शक्यता सांगते. ही पद्धत वेग सांगते. काँक्रीटमधल्या पोलादावर तिचा उपयोग स्पेनमध्ये कार्मेन आंद्रादे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात करून दाखवला. दर चौरस सेंटिमीटरला एक मायक्रोअँपियर प्रवाह वाहत असेल, तर गजाच्या पृष्ठभागावरून वर्षाला साधारण बारा मायक्रॉन लोखंड जातं. म्हणजे कोणत्या खांबाला दुरुस्तीसाठी किती वर्षं उरली आहेत, याचा अंदाज बांधता येतो.

आता नकारार्थी अर्ध्याकडे वळतो. मांडवीच्या बाबतीत हे सगळं ज्ञान हाताशी असतं, तरी मोरचुदाच्या नळीने फारसं काही सापडलं नसतं. तारा धातूच्या नळ्यांत होत्या. अशी नळी आतल्या तारेचा विद्युतसंकेत बाहेर येऊ देत नाही. बाहेरून मोजलं तर नळीच्या कातड्याची हकिगत कळते, आतल्या तारेची नाही. गाऱ्यात राहिलेल्या पोकळ्या शोधायला आघाताचा प्रतिध्वनी ऐकण्याची पद्धत १९८० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत मेरी सॅन्सालोन आणि निकोलस करिनो यांनी विकसित केली, म्हणजे मांडवी पडत होती त्याच सुमारास. त्यामुळे आज मागे वळून त्या काळच्या अभियंत्यांना गुन्हेगार ठरवणं मला पटत नाही. त्यांची चूक दुसरीकडे होती. जो भाग कधीच पाहता येणार नाही, त्यावर पुलाचा सगळा जीव टांगून ठेवायचा आणि तो दिसत नाही म्हणून त्याची चिंताही करायची नाही, ही वृत्ती जगभर होती. मांडवीने आणि वेल्सने ती मोडली. पुढे अनेक पुलांच्या दुरुस्तीत नव्या तारा काँक्रीटच्या बाहेरून, पोकळ गाळ्याच्या आतल्या रिकाम्या जागेतून नेल्या गेल्या, कारण तिथे माणूस जाऊन हात लावून पाहू शकतो.

आपल्याकडे या विषयाचा अभ्यास परका नव्हता. तमिळनाडूतल्या कराईकुडीला सेंट्रल इलेक्ट्रोकेमिकल रिसर्च इन्स्टिट्यूट आहे. तिची पायाभरणी जुलै १९४८ मध्ये जवाहरलाल नेहरूंनी केली आणि अलगप्पा चेट्टियार यांनी तिच्यासाठी जमीन व पैसा दिला. १९५३ पासून तिथे गंजावर संशोधन चालू आहे. त्याच राज्यात मंडपमच्या किनाऱ्यावर, जिथे हवा देशातल्या सर्वांत गंजखाऊ जागांपैकी मानली जाते, तिथे नमुने वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवून पाहिले गेले. महाराष्ट्रात खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासूनचं, आणि नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५९ ची. धरणांच्या काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून त्यांचा वेग मोजणं इथल्या लोकांना ठाऊक होतं. लहर सेकंदाला साडेचार किलोमीटरहून वेगाने गेली तर काँक्रीट उत्तम, तीन किलोमीटरच्या खाली आली तर संशयास्पद, असा आपल्या १९९२ च्या प्रमाणाचा निकष होता. पण ध्वनिलहर काँक्रीटची घनता सांगते. गजाचा गंज ती थेट सांगत नाही. मोरचुदाच्या नळीच्या चाचणीला भारतीय मानक ब्युरोने स्वतंत्र प्रमाण दिलं ते २०२१ मध्ये, आयएस ५१६ च्या पाचव्या भागात. स्ट्रॅटफुल यांच्या निबंधानंतर चौसष्ट वर्षांनी. खाजगी तपासनीस आणि प्रयोगशाळा परदेशी प्रमाणाच्या आधारे ती आधीपासून करत होत्या हे खरं. पण ज्ञान आणि नियम यांच्यातलं हे अंतर मला अस्वस्थ करतं.

किनाऱ्यावरून आता आत, मराठवाड्यात येऊ. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिणेला, तलवाडा हे त्वरितादेवीचं गाव. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. इथल्या लोखंडाला मिठाची भीती नाही, असं कोणालाही वाटेल. पण गंजाची दुसरी वाट, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची, अशा कोरड्या मुलखातच जास्त मोकळी असते. काँक्रीट पूर्ण ओलं असेल तर वायूला आत शिरायला छिद्रं रिकामी नसतात. अगदी सुकं असेल तर रासायनिक क्रियेला पाणी नसतं. हवेतली आर्द्रता मध्यम, साधारण पन्नास ते सत्तर टक्के असते तेव्हा हा वायू सगळ्यात वेगाने पुढे सरकतो. अवर्षणप्रवण मराठवाड्यात वर्षातले बरेच दिवस त्याला असेच सोयीचे असतात.

या भागात काँक्रीट घराघरात पोचलं तो काळ फार जुना नाही. निजामाच्या राजवटीतून १९४८ साली सुटलेल्या या मुलखात घरं होती दगडामातीच्या भिंतींची, वर धाब्याचं माळवद. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झालं. धरणाची मुख्य भिंत मातीची, पण उजव्या कालव्यासोबत काँक्रीटचे जलसेतू, मोऱ्या, दारांचे खांब गेवराई तालुक्यातून पुढे माजलगावकडे गेले. मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जड भिंती आणि माळवदं माणसांवर कोसळली. त्यानंतर मराठवाड्यात माळवदावरचा विश्वास उडाला आणि स्लॅबचं घर हे सुरक्षिततेचं दुसरं नाव झालं. आज गावोगावी दिसणारे स्लॅब मुख्यतः त्याच काळापासूनचे, म्हणजे पंचवीस-तीस वर्षांचे. गंजाच्या दृष्टीने हे वय नाजूक आहे.

का नाजूक, ते नियमपुस्तकातच लिहिलेलं आहे. १९७८ च्या आयएस ४५६ प्रमाणे स्लॅबमधल्या गजाखाली अवघं पंधरा मिलिमीटर काँक्रीट पुरे मानलं जाई आणि एम १५ दर्जाचं काँक्रीट चालत असे. २००० च्या सुधारित आवृत्तीने गजबंद कामासाठी किमान एम २० ठरवलं आणि सौम्य हवामानातही वीस मिलिमीटर कव्हर मागितलं, समुद्राच्या फवाऱ्यात तर त्याहून कितीतरी जास्त. कागदावरचं पंधरा मिलिमीटर प्रत्यक्षात किती उरत होतं, हे ज्याने सेंट्रिंगवर गवंड्यांना काम करताना पाहिलं आहे त्याला विचारावं. कव्हर ब्लॉकच्या जागी खडीचा तुकडा, माल ओतताना गजांवरून चाललेली माणसं, लवकर संपवायच्या घाईत सैल केलेलं काँक्रीट आणि चार दिवसांत थांबलेलं पाणी मारणं. जाळी खाली बसते आणि गज प्लायवूडला टेकतो. कार्बन डायऑक्साइड काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आत सरकतो. पहिल्या नऊ वर्षांत तो समजा नऊ मिलिमीटर गेला, तर छत्तीस वर्षांत अठरा मिलिमीटर जाईल. पंधरा मिलिमीटरचं कव्हर त्याआधीच संपलेलं असेल. आणि जिथे पाचच मिलिमीटर होतं, तिथे तर पहिल्या दशकातच.

त्यातही एकेका काळाचं लोखंड वेगळं. सत्तर ते नव्वदच्या दशकांत गार स्थितीत पिळलेल्या टॉर गजांचा जमाना होता. पिळल्याने गजाची ताकद वाढायची, पण आत ताण साठून राहायचे, आणि अशा गजाला गंज लवकर धरतो असं अनेक अभियंत्यांचं निरीक्षण आहे. पुढे टीएमटी गज आले.

गावातल्या गजाला सर्वाधिक धोका कुठे, तर पाण्याच्या उंच टाकीत. टाकीत पिण्याचं पाणी असतं आणि त्यात ब्लीचिंग पावडर टाकली जाते. पाण्याच्या पातळीखालचं काँक्रीट सतत ओलं, तिथे प्राणवायू कमी. पण पाण्याच्या वर, झाकणाच्या स्लॅबच्या खालच्या बाजूला, रात्रंदिवस दमट हवा आणि क्लोरीनचा वाफारा. समुद्र नसलेल्या गावात समुद्राचं वातावरण तिथे तयार होतं. जुन्या टाक्यांच्या छताखालून ढलपे गळून पाण्यात पडतात ते यामुळे. पाणी साठवणाऱ्या बांधकामांसाठीच्या आयएस ३३७० ने २००९ च्या आवृत्तीत गजबंद कामासाठी एम ३० काँक्रीट मागितलं. त्याआधी बांधलेल्या टाक्या कमी दर्जाच्या काँक्रीटवर उभ्या असण्याची शक्यता मोठी आहे. २०१९ पासून जलजीवन मिशनमधून नव्या टाक्या होत आहेत, पण जुन्या टाक्या सगळ्याच पाडल्या जात नाहीत. त्यांच्या खाली शाळा, पार, बाजार भरतो.

मुंबईत या बाबतीत निदान कालमर्यादा आहेत. महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब प्रमाणे तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतींसाठी दर पाच वर्षांनी, त्यापुढे दर तीन वर्षांनी, अशी तरतूद आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला. तो ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा होता, गंजाशी त्याचा संबंध नव्हता. पण त्यानंतर राज्यभर पुलांच्या तपासणीची चर्चा सुरू झाली आणि त्याच वर्षी केंद्राने देशातल्या पुलांची नोंद ठेवणारी व्यवस्था सुरू केली. मोठ्या रस्त्यावरचा पूल त्या नोंदीत येतो. गावातली टाकी, शाळेची खोली, तीस वर्षांचं घर त्यात येत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली धोकादायक ठरली तर तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवला जातो, पण तो बहुधा छताचे पोपडे पडू लागल्यावर. त्या वेळी गंज आपलं काम बऱ्यापैकी करून बसलेला असतो.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला या चाचण्यांची विद्या अनोळखी वाटण्याचं कारण नाही. बोअरची जागा दाखवायला भूजल सर्वेक्षणाचे लोक येतात तेव्हा शेतात ओळीने चार सळया ठोकतात, बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडतात आणि आतल्या दोन सळयांमध्ये दाब मोजतात. जमिनीचा रोध कमी असेल तर खाली ओल असण्याची शक्यता. ही चार सळयांची रचना अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या फ्रँक वेनर यांनी १९१५ मध्ये मांडली. काँक्रीट तपासणाऱ्याच्या हातातलं चार टोकांचं यंत्र तेच काम छोट्या मापात करतं. रोध जास्त असेल तर गंजाच्या प्रवाहाला वाट नाही. रोध दहा-पाच किलोओहम-सेंटिमीटरपर्यंत खाली आला तर गंज वेगाने चालू शकतो. ज्या विद्येने इथे दुष्काळात पाणी शोधलं, तीच स्लॅबमधलं घातक पाणीही शोधते.

तलवाड्यासारख्या गावात महागडी यंत्रं पोचेपर्यंत थांबायचीही गरज नाही. बाजारात माठ घेताना बाई बोटाने वाजवून पाहते, तसं छताखाली हातोडीने हलकेच ठोकत जावं. काँक्रीट एकजीव असेल तर खणखणीत आवाज येतो, आत फट पडली असेल तर भद्द येतो. परदेशात पुलाच्या तक्त्यावरून साखळी ओढत नेऊन हेच ऐकतात. त्यापुढची पायरी फिनॉलफ्थॅलिनची. दहावी-बारावीच्या प्रयोगशाळेत असलेलं हे रसायन काँक्रीटच्या ताज्या तुटलेल्या कडेवर फवारलं की चुना शाबूत असलेला भाग गडद गुलाबी होतो आणि वायूने खाल्लेला भाग बेरंग राहतो. मग पट्टीने मोजायचं : पृष्ठभागापासून बेरंग पट्टा किती मिलिमीटर, आणि गज किती मिलिमीटरवर. जुन्या खोल्यांची, टाकीच्या खांबांची, कालव्यावरच्या मोरीची ही दोन मापं ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत दर पाच वर्षांनी लिहिली गेली, तर अभियंत्याला बोलावायची वेळ आली की नाही हे गावालाच कळेल.

बेरंग पट्टा गजाच्या अलीकडे पुरेसा दूर असेल, तर गच्चीची गळती बंद करून आणि गिलावा दुरुस्त करून बरीच वर्षं मिळवता येतात. तो गजाला भिडला असेल पण स्लॅब अजून खणखणीत वाजत असेल, तर मोरचुदाची नळी आणि चार टोकांचं यंत्र घेऊन येणाऱ्या माणसावर खर्च करण्याची हीच योग्य वेळ असते, कारण दुरुस्ती अजून स्वस्त आहे. आणि पट्टा गजाच्या मागे गेला असेल, छत भद्द वाजत असेल, वर पाणी मुरत असेल, तर त्या खोलीत वर्ग भरवू नये. मुलं आधी दुसरीकडे बसवावीत, निर्लेखनाचा कागद नंतर पाठवता येतो.